धाकटीची जागा

दवाखान्याची वेबसाइट त्या डिझायनर मुलीनेच केली होती. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर पान विस्कटतं, म्हणून तिला बोलावलं होतं. नव्या ब्राउझरमध्ये कर्मचाऱ्यांचे फोटो एका ओळीत नीट बसायचे. इथल्या जुनाट ब्राउझरमध्ये मात्र काउंटरवरच्या ताईंच्या फोटोशेजारी एक चौकट रिकामी राहायची आणि शेवटचा फोटो खाली घसरायचा.

“तिथे माझी धाकटी बहीण होती,” ताई म्हणाल्या. “इथेच नर्स होती. ती गेल्यावर डॉक्टरांनी तिचा फोटो काढून टाकायला लावला.”

मुलीने सगळा कोड पुन्हा वाचला. त्या चौकटीचा कुठे मागमूस नव्हता. तिने फोटोंची रुंदी कमी केली; फोटो आक्रसले, जागा तेवढीच राहिली.

“राहू दे ना गं. कुणाला काय त्रास होतोय तिचा?”

पण काम ते काम. तिने एकेका फोटोची जागा पक्की करून टाकली. ओळ जुळली. फट मिटली.

ताई स्क्रीनकडे बघत राहिल्या.

“आता कुठे बसेल ती?”

मग त्यांनी डोळे पुसले, आणि काउंटरमागच्या बाकावर त्या जराशा सरकल्या.

“ये गं,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या शेजारची रिकामी गादी हळूहळू खाली दबत गेली.