भाकरीचा हात

“कडू कवठाचं झाड तेवढं दाखवा, आण्णा,” राजमती दुसऱ्यांदा म्हणाली.

पण बागेचे मास्तर मारुतीराव घाईत नव्हते. निपाणीहून कुणी बेळगावची सरकारी बाग बघायला आलंय, याचंच त्यांना कौतुक. रिठ्यानं रेशीम कसं धुतात, घायपाताचे दोर कसे वळतात, शेंद्रीच्या बियांनी कापड कसं रंगवतात, सगळं सांगून झालं. राजमती मान हलवत होती. जीव सगळा मागून येणाऱ्या नवऱ्यात अडकला होता.

सुकुमारनं उजवा हात उपरण्यात लपवला होता. मनगटावर रुपयाएवढा पांढरट डाग उठल्यापासून तो घरात नव्हता. त्याच्या आईनंच, पद्मावतीनं, त्याला तंबाखूच्या खोपटात काढलं होतं. डाग गेला तर उंबरा ओलांडायचा, नाहीतर महारोग्यांच्या वसाहतीत जायचं, असं तिनं रडत रडत बजावलं होतं.

तेव्हापासून राजमतीच दिवस मावळायच्या आत गरम भाकरी खोपटात पोचवायची. तिच्या भाकरीचं गल्लीत नाव होतं. वर्षभरात तर हात असा काही बसला होता, की तव्यावरची भाकरी ती नुसत्या बोटांनी फिरवायची, निखाऱ्यावरून उचलायची. “आमच्या सुनंच्या हाताला चटकाच लागत न्हाय,” असं सासू शेजारणींना कौतुकानं सांगे.

एकदाचं ते झाड आलं. अगदी साधं होतं.

“याच्या बियांचं तेल महारोगावर लावतात,” मारुतीराव म्हणाले. “कुणासाठी पाहिजे?”

“गावात हायत एकजण.”

“डाग आहे?”

“हाय.”

“नुसत्या डागावर जाऊ नका. कधी कधी डागही नसतो. काटा, चटका कळतो का ते बघायचं. कळत नसेल तर तोच रोग. आणि खरं सांगू का बाई, या तेलानं बरा झालेला मी तरी पाहिला नाही.”

राजमतीनं मागं वळून नवऱ्याकडं बघितलं. चोळीला टाचणी होती. पण ती काढून नवऱ्याचा हात धरायचं धाडस तिला झालं नाही.

परतीच्या वाटेवर वाळक्या शेंगांचा एक वेल लोंबत होता. सुकुमारला वाट करून द्यायला तिनं तो मुठीत धरून बाजूला सारला.

“सोडा ते,” मारुतीराव मागून ओरडले. “खाजकुयली आहे ती.”

तोवर शेंगा सुकुमारच्या हातावरही घासल्या होत्या. तो हात झाडू लागला. मग उपरणं टाकून मनगट कराकरा खाजवू लागला. लाल होईस्तोवर.

“लई खाजतंय गं,” तो म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. “हितंच खाजतंय. डागावर.”

राजमतीला वाटलं, तिथंच मातीत लोटांगण घालावं. रोग नव्हताच. उद्या तो घरात, सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसणार होता. तीही हसता हसता रडायला लागली.

बागेतला गडी शेणाचा गोळा घेऊन पळत आला. खाजकुयलीच्या खाजेवर शेण चोळतात.

“आधी बाईंना दे,” मारुतीराव म्हणाले. “कुसं तर त्यांच्याच हाताला जास्त लागलीत.”

राजमतीनं हसतच हात पुढं केला. करंगळीपासून मनगटापर्यंत तपकिरी कुसं दाट रुतली होती. ती खाज सुटायची वाट बघत उभी राहिली.