भिमाजीचं कॅसरोल

भिमाजीने कढईतली सॉसेज उलटली आणि चुर्र आवाज झाला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या केशरबाईच्या काळजातही तसंच काहीसं झालं.

पलटणीतल्या साहेबांच्या मेसमध्ये भिमाजीने उभी हयात स्वयंपाक केला. घरी मात्र त्याने कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाही. सुट्टीवर आला की म्हणायचा, इथं तरी मला चुलीपासून लांब राहू दे. केशरबाईने राहू दिलं. तिची बाळंतपणं झाली तेव्हा तो कधी जम्मूला होता, कधी आसामात. अंगात ताकद नसताना उठून तिने आपल्या भाकरी आपणच थापल्या, आणि त्याबद्दल त्याला आजवर एक शब्द ऐकवला नाही.

आता सुनेला दिवस गेले, तर हा गडी कमरेला टॉवेल गुंडाळून गॅसपुढे उभा.

सुनेनेच, म्हणजे शुभांगीने, मोबाईलवरून तो विजेवर चालणारा स्लो कुकर मागवला होता. सॉसेज राहुरीत मिळेनात म्हणून नगरहून आणवली होती. पदार्थाचं नाव कॅसरोल. कॅसरोल म्हणजे चपात्या गरम ठेवायचा डबा, एवढंच केशरबाईला ठाऊक. गेले दोन रविवार ती विहारात वंदनेला गेली की मागे सासरा-सुनेचं हे शिजायचं. ती परतायची तेव्हा घरभर वास दरवळत असायचा आणि भांडं घासूनपुसून पालथं घातलेलं. दोघांनी मिळून फस्त केलं. म्हातारीसाठी वाटीभर काढून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. दात काढल्यापासून ती दुधात कुस्करलेल्या भाकरीवर दिवस ढकलत होती, कवळी यायला अजून अवकाश होता, पण त्याचं कुणाला काय.

आज गुडघ्याचं निमित्त करून ती घरीच थांबली. बटाटे तरी सोलावेत म्हणून पुढे झाली, तर भिमाजीने तिला बाहेर बसायला सांगितलं. मग त्याने शुभांगीला हळूच काहीतरी विचारलं. ती ओढणीआड हसली आणि तोंड दाबून अंगणात निघून गेली. केशरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच घरात आपल्यापासून लपवून यांच्या गोष्टी चालतात.

भिमाजीने सॉसेज, कांदे, बटाटे, गाजर, टोमॅटो आणि उकडलेला राजमा कुकरात रचला, वर तमालपत्र टाकलं आणि झाकण लावलं. आता हे आपलं आपण शिजत राहील, म्हणाला. दुपार कलली तसा तो पाव आणायला बाहेर पडला. शुभांगी आतल्या खोलीत जाऊन पडली.

केशरबाई उठली. तिने झाकण उचललं. सगळं एकजीव होऊन लालसर रस सुटला होता. चमच्याने सॉसेजचा तुकडा घेऊन तिने तो जीभ आणि टाळूमध्ये दाबला. तो लोण्यासारखा विरघळला. कितीतरी दिवसांत इतकं चवीचं तिच्या तोंडात गेलं नव्हतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. याच्या हाताला एवढी चव आहे. ती साहेबांनी चाखली, आता सून चाखणार. आपल्या वाट्याला ती कधी आली नाही.

तिने मिठाची बरणी उघडली. चमच्याने नाही, मुठीने मीठ घातलं, ढवळलं आणि झाकण लावून अंगणात जाऊन बसली.

भिमाजी आला. त्याने ताटं मांडली आणि पहिलं ताट केशरबाईपुढे ठेवलं.

“आधी तिला वाढा,” केशरबाई म्हणाली.

शुभांगी नाकाला ओढणी लावून दाराशीच उभी होती. तिला या वासानेच मळमळत होतं. ती तर रविवारीसुद्धा वरणभातावरच होती.

“आई, हे तुमच्यासाठी आहे,” ती म्हणाली. “पहिल्या रविवारी सॉसेज चिवट राहिली, दुसऱ्यांदा बटाटे कच्चे राहिले. दोन्ही वेळा सगळं कुत्र्यांना घातलं. तुम्हाला दातांशिवाय खाता येईल असं झाल्याशिवाय तुमच्यापुढे ठेवायचं नाही, असं दादांनी ठरवलं होतं.” तिने सासऱ्याकडे पाहिलं.

केशरबाईचा हात ताटावरच राहिला. मग तिने एक चमचा तोंडात घातला. नुसतं खारट. तो घास तिने गिळला. समोर भिमाजी स्वतःला वाढून घेत होता. तिने त्याचं ताट आपल्याकडे ओढलं. तुमी नका खाऊ, समदं मलाच पाहिजे, असं काहीतरी ती बोलली. पण ते खोटं तिला रेटवेना. डोळे भरून आले.

“मीठ मी टाकलंय,” ती म्हणाली. “मुठीनं टाकलंय.”

“ठाव हाय. चाखल्याबिगर मी आजवर कुनाला वाढलं न्हाई.”

मग वाढलंच कशाला, असं तिने विचारलं. आपलं ताट भिमाजीने परत पुढे घेतलं, पावाचा तुकडा मोडला, त्या खारट रश्शात बुडवला आणि सावकाश खाल्ला.

“समदी नोकरी मी बाहेर काढली,” तो म्हणाला. “तू कधी भांडली न्हाईस, कधी रुसली न्हाईस. मला वाटायचं, मी असलो काय न् नसलो काय, तुला सारकंच हाय.”

त्याने दुसरा तुकडा मोडला.

“आज पयल्यांदा कळलं, तसं न्हाई.”