द्रोण कोण?

"यातला द्रोण कोण?" चौकशी अधिकाऱ्याने रविवारच्या पुरवणीचं पान टेबलावर पसरलं. पानावर दादाची कविता होती, चौकटीत, फोटोसकट.

बहीण कानात प्राण आणून ऐकू लागली. शेजारी तिचा नवरा बसला होता, बँडेज बांधलेला उजवा हात मांडीवर ठेवून. पत्रा कापायच्या यंत्राने त्याचा अंगठा आणि दोन बोटं नेली होती. माल लवकर उरकावा म्हणून मॅनेजरने यंत्रापुढची संरक्षक जाळी स्वतःच्या हाताने काढली होती. आता तोच म्हणत होता, जाळी कामगारानेच काढली. ते खरं ठरलं तर नोकरी गेली, भरपाई गेली, आणि वर बेफिकीरपणाचा शिक्का. जाळी काढताना पाहणारा एकच जण होता. भांडारातला कारकून, तिचा सख्खा भाऊ, आणि नशीब असं की तो कवी.

आठवडाभर तिने त्याचा उंबरा झिजवला होता. "थांब, योग्य शब्द सापडू देत," एवढंच तो म्हणायचा. सापडले ते हे. रविवारी पान घेऊन स्वारी स्वतःच घरी आली.

"वाच. एकलव्य म्हणजे तुझा नवरा. अंगठा मागणारा द्रोण म्हणजे मॅनेजर. शहाण्याला शब्दाचा मार!"

"दादा, तिथे कोड्यात बोलू नकोस रे. सरळ नाव घे."

"नाव घेतलं की कविता मरते," असं म्हणून त्याने चहा मागितला. आपल्या नवऱ्याच्या तुटलेल्या बोटांवर याने यमकं जुळवली होती आणि वर चहासुद्धा हवा होता. पण अडला हरी. तिने चहा दिला.

"सांगा ना, द्रोण कोण?" अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. माणूस बरा होता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. पेन उघडून बसला होता बिचारा. समोर मॅनेजर होता.

दादाने घसा साफ केला आणि मॅनेजरकडे बघून हसला. "द्रोण ही एक वृत्ती आहे, साहेब. ती आपल्या प्रत्येकाच्या आत असते."

बहिणीला शिसारी आली. ज्याच्या पाठीला पाठ लावून आपण आलो, तो हा भाऊ. त्याच्या शेजारून खुर्ची लांब ओढावी, असं तिला वाटलं.

"ते राहू द्या. जाळी कोणी काढली?"

"जाळीसुद्धा तशी प्रतीकच आहे, म्हणजे बघा..."

"वा!" मॅनेजर मध्येच म्हणाला. "कविता फार आवडली मला. एक शंका आहे फक्त. एकलव्याने अंगठा स्वतःच कापून दिला होता ना?"

नवऱ्याने मान वर करून मेहुण्याकडे पाहिलं. बहिणीनेही पाहिलं. नाही म्हण, जाळी यांनी काढली म्हण, एकदा तरी माणसासारखं बोल.

"हो," दादा म्हणाला. सबंध चौकशीत त्याने दिलेलं ते एकमेव सरळ उत्तर, आणि अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.