बाहेरची कडी

पाहुणा मागच्या खोलीच्या दारात पिशवी धरून उभा होता, पण आत पाऊल टाकत नव्हता. दाराला बाहेरून नवी कोरी, जाडजूड कडी होती. आतल्या बाजूला काहीच नव्हतं.

"ही रात्री कधी लावता?" त्याने विचारलं. "त्याआधी पाणी भरून घेतो."

वहिनींना आधी कळलंच नाही. मग त्यांचं लक्ष कडीकडे गेलं आणि त्यांनी वळून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पंख्याकडे पाहू लागले.

खोली वहिनींनी कैद्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊ केली होती. जामीन मंजूर होऊनही, राहायला पत्ता नाही म्हणून माणसं तुरुंगातच सडतात, हे त्यांनी संस्थेच्या सभेत ऐकलं आणि घरी येऊन खोली झाडायलाच घेतली. या माणसावर चोरीचा आरोप होता, खटला अजून उभाही राहिला नव्हता. निकाल लागेपर्यंत त्याने इथंच राहायचं. इथून निघून गेला, तर पुन्हा आत. 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या,' असं भाऊजी तेव्हापासून घोकत होते. भाऊजी वाईट नव्हते, भित्रे होते. वहिनी बाहेर गेल्याची संधी साधून त्यांनी कडी ठोकून घेतली होती.

"तुमच्याच काळजीपोटी, वहिनी," ते पुटपुटले.

"काळजी आहे ना? मग जा, स्क्रू ड्रायव्हर आणा."

भाऊजींनी तो आणला, पण स्क्रू काही हलेना. पाहुण्याने पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली.

"द्या इकडे. सुतारच आहे मी."

बघता बघता कडी निघाली.

"आता आतून बसव," वहिनी म्हणाल्या. "तुझी खोली, तुझी कडी."

त्याने मान हलवली. "नको, बाई. दार बंद असलं की मला झोप येत नाही." कडी हातात घेऊन तो जरा घुटमळला. मग भाऊजींना म्हणाला, "दादा, तुमच्या खोलीला आतून लावून देऊ का? तुम्हाला तरी शांत झोप लागेल."

त्यात टोमणा नव्हता. असता तर भाऊजींना बरं वाटलं असतं.

उंबऱ्याबाहेरची पिशवी त्यांनी उचलली आणि आत नेऊन खाटेवर ठेवली.