प्लास्टरचा पंजा

जमीन विकू न देणारे सत्यशीलाचे थोरले दीर लोणी काळभोरच्या मळ्यात मरून पडले होते. भोवती चिखलात बिबट्याची पावलं उमटली होती. वनरक्षक असलेली सत्यशीला वाकून बघत राहिली. सगळी पावलं पुढच्या डाव्या पायाचीच होती, एक बोट नसलेली. तो बिबट्या तर दोन वर्षांपूर्वीच मेला होता. त्याच्या पंजाचा प्लास्टरचा ठसा तिनेच घरी शोकेसमध्ये ठेवला होता.

नवऱ्याचा फोन आला. “बिबट्याच हाय ना? मग लिहून टाक की तसं.”

ती घरी गेली. पंजा जागच्या जागी होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नवऱ्याने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नव्हता. पंजा मात्र लख्ख धुऊन ठेवला होता.