मूठभर मिठाचे डम्प्लिंग

तिने सारणाचे दोन वाटे केले आणि त्यातल्या एकात मीठ टाकलं. चिमूटभर नव्हे, मूठभर. कोबी, पातीचा कांदा, आलं आणि मशरूमच्या त्या सारणात सोया सॉसचा खारटपणा आधीच होता. तिने दातओठ खात ते कालवलं.

“घे म्हणावं आता,” ती पुटपुटली. “कर कौतुक.”

कौतुक करणारा तासाभरात येणार होता. लेकीने पसंत केलेला मुलगा. मागच्या खेपेला त्याने चहाचं कौतुक केलं, पडद्यांचं केलं, गॅलरीतल्या अर्धमेल्या कोरफडीचं केलं. इतकंच काय, बेल वाजवून आत आला तर बेलच्या आवाजाचंही केलं! तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. तेव्हापासून त्याचं नाव गोडबोल्या. आणि आता गोडबोल्याला चायनीज डम्प्लिंग आवडतात म्हणून लेक वाफवायचं बांबूचं भांडं घेऊन आली होती. भांडं लेकीचं, कौतुक गोडबोल्याचं, राबायला आई.

लेक न्हाऊन आली आणि मैद्याच्या लाट्या करायला लागली. भरायचं काम आईने आपल्याकडेच ठेवलं होतं.

“आई, आज तरी नीट बोल त्याच्याशी. तू हो म्हटल्याशिवाय आम्ही लग्न करणार नाही, माहितेय ना तुला?”

“म्हणजे नाही म्हटलं तर जन्मभर खापर माझ्या डोक्यावर.”

“अगं, तो मनापासून बोलतो.”

“मनापासून? बेलचं?” आईने पारी ओट्यावर आपटली. “तुझ्या बाबांकडे बघ. इतकी वर्षं माझ्या हातचं खाताहेत. तोंडदेखलं कौतुक कधी केलं नाही, आणि नावंही कधी ठेवली नाहीत. पानात पडेल ते मुकाट खातात. याला म्हणतात माणूस!”

लेक मध्ये जाड, कडेला पातळ अशी पारी लाटत राहिली.

आईचा हात रागातही सुबक होता. पारीत सारण, कडेला पाण्याचं बोट, मग एकेक चुणी दाबत अर्धगोल. खारट डम्प्लिंगच्या टोकाला मात्र तिने एक जास्तीचा चिमटा काढला, ओळखू यावेत म्हणून. तिचा बेत साधा होता. खारट ताटली पाहुण्याच्या पुढ्यात ठेवायची. त्याने ‘छान’ म्हटलं, की सगळ्यांदेखत त्याला खोटारडा ठरवायचं आणि लेकीचे डोळे उघडायचे. खारट झालेत म्हणाला तर? छे. त्याला ते जमणारच नव्हतं.

गोडबोल्या आला. दारातूनच “काय वास सुटलाय!” म्हणाला. तिने ओठ आवळले. चिमट्याची ताटली त्याच्यापुढे ठेवली, चांगली नवऱ्यापुढे, आणि दुसरा घाणा उतरवायला ती आत गेली. लेकही चटणी घ्यायला तिच्या मागोमाग आली. दोघी मागून बसणार होत्या.

“काकू!” बाहेरून आवाज आला. “असे डम्प्लिंग मी आजवर खाल्ले नाहीत. एकदम फर्स्ट क्लास!”

झालं. ती सांडशी हातात घेऊनच बाहेर आली.

“फर्स्ट क्लास? मूठभर मीठ घातलंय मी त्यात! मूठभर! लाज वाटत नाही खोटं बोलायला?”

“आई!” लेक किंचाळली. “तू मुद्दाम खारट केलेस?”

“हो, मुद्दाम! ज्याच्याने मिठाचं खरं सांगवत नाही, तो तुला जन्मभर काय खरं सांगणार?”

मुलगा पार गोंधळून गेला. अर्धा डम्प्लिंग त्याच्या हातातच राहिला.

“पण काकू, मीठ अगदी बरोबर आहे. आलं थोडं पुढे येतंय, पण मला आवडतं तसं.”

तिने त्याच्या ताटलीतला एक उचलला. टोकाला चिमटा नव्हता. तोंडात टाकला. मीठ बरोबर होतं. आलं खरंच थोडं पुढे येत होतं.

“ही ताटली तुझ्याकडे कशी आली?”

“मी बदलली,” तो ओशाळून म्हणाला. “माझ्या ताटलीत जास्त दिसत होते. म्हटलं, काकांना असू देत.”

तिने मान वळवली. नवऱ्याने पाण्याच्या ग्लासाला मोबाईल टेकवून ठेवला होता. मॅच चालू होती. एवढा आरडाओरडा झाला, पण त्याची नजर काही हलली नव्हती. पुढ्यातली ताटली जवळजवळ साफ होती. एकच डम्प्लिंग उरला होता, टोकाला जास्तीचा चिमटा असलेला. त्याने न बघताच तो उचलला, तोंडात टाकला, चावला आणि गिळला.

इतक्या वर्षांतल्या सगळ्या सकाळ-संध्याकाळ, सगळ्या भाज्या, सगळी आमटी-भाकरी तिच्या डोळ्यांपुढून सरकली.

“अहो,” ती म्हणाली. “कसे झालेत?”

“अं?” त्याने मान वर केली. “नेहमीसारखेच.”

त्या घरात डम्प्लिंग आज पहिल्यांदा झाले होते.

मोबाईलमध्ये कुणीतरी आउट झालं. नवऱ्यावरची नजर न काढता ती लेकीला म्हणाली, “माझं हो आहे. कर ह्याच्याशीच.”