बंद पोतं

आमच्या आंदीजच्या डोंगरात हिमात गोठलेले बटाटे पायांनी तुडवून वाळवतात. ते वीस वर्षं टिकतात. सातुर्निनाच्या कोठीतलं असं एक पोतं अकरा वर्षं बंद होतं. खाणीवर जायच्या आदल्या दिवशी तिच्या मुलानं, एदिल्बेर्तोनं, त्यातले बटाटे तुडवले होते.

यंदा काढणीला निम्मे बटाटे किडके निघाले. सून म्हणाली, "आई, त्यातले मूठभर घेऊ?"

"हवं तर माझं डोकं खा. ते पोतं तो आल्यावरच उघडायचं."

काल खाणीवरचे दोघे आले, टोप्या काढून उंबऱ्याशी उभे राहिले. जुन्या बोगद्यात तो सापडला, एवढंच बोलले.

ते गेल्यावर सातुर्निनानं पोतं सुनेपुढे ओतलं. "भिजत घाल. उद्या गाव जेवायला येईल."

मग म्हणाली, "फार चोळून धुऊ नकोस गं. त्याचे पाय लागलेत."